चिऱ्याचं जुनं घर सांभाळताना आणि वाढवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देवगड तालुक्यात, खाडीपासून थोडं वर, आमचं चिऱ्याचं, म्हणजे जांभ्याच्या घडीव दगडाचं, घर आहे. पाच वर्षांत, म्हणजे खरं तर पाच हिवाळ्यांत, आम्ही ते दुरुस्त केलं आणि मागे दोन खोल्या वाढवल्या. तेव्हापासून मे महिन्यात आणि गणपतीत कोणी ना कोणी ओटीवर टेकतं आणि चहाचा कप हातात घेऊन तेच प्रश्न विचारतं. मी ना आर्किटेक्ट, ना इंजिनिअर. मुंबईत नोकरी करून सुट्टीला गावी येणारी बाई आहे. पण चुका स्वतःच्या पैशाने केल्यात, त्यामुळे त्या नीट लक्षात आहेत.

पाडून नवीन बांधलं तर स्वस्त नाही का पडणार?

हे सगळेच सांगतात. कंत्राटदार सांगतो, मावसभाऊ सांगतो, शेजारच्या वाडीत नुकताच स्लॅब टाकलेला माणूस तर फारच आत्मविश्वासाने सांगतो. कधीकधी ते खरंही असतं. छप्पर कोसळून पाच-सात पावसाळे गेले असतील, पाणी भिंतीच्या डोक्यातून थेट आत मुरलं असेल आणि मातीत रचलेले चिरे बोटाने हलत असतील, तर त्या भिंतीशी भांडण्यात अर्थ नाही.

पण डोक्यावर छप्पर शाबूत असेल तर सव्वा-दीड फूट जाडीची भिंत सहसा मरत नाही. ओळंबा लावून बघा. भिंत कुठे पोटातून बाहेर आलीय का, वाशांची टोकं कुजलीत का आणि जोत्याजवळचे थर झिजलेत का, या तीन गोष्टी बघितल्याशिवाय कोणी पाडायचा सल्ला दिला तर त्याला चहा द्या आणि विषय बदला. पाडायचंच ठरलं तरी चिरे फोडू देऊ नका. जुना हाताने घडवलेला चिरा पुढे कुंपणाला, गडग्याला, नव्या खोलीला लागतोच.

आमचं घर नेमकं किती जुनं आहे, हे कसं कळेल?

घरातल्या म्हाताऱ्यांचं 'दीडशे वर्षं' हे उत्तर सगळीकडे सारखंच असतं, त्यावर जाऊ नका. आधी ग्रामपंचायतीतले घरपट्टीचे जुने उतारे काढा. मग एक कौल उतरवून त्याची पाठ बघा. मंगलोरी कौलावर कारखान्याचा ठसा असतो. बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा पहिला कारखाना १८६५ साली काढला, म्हणजे ठशाचं कौल त्याआधीचं असूच शकत नाही. मात्र घर त्याआधीचं असू शकतं. पूर्वी नळ्यांचं किंवा गवताने शाकारलेलं छप्पर असायचं, कौलं मागाहून चढली. भारतात सिमेंट बनायला लागलं १९१४ च्या सुमारास, पोरबंदरला. त्यामुळे सांध्यात मूळचं सिमेंट असेल तर ते काम बहुधा त्यानंतरचं. नुसता चुना किंवा माती असेल तर घर त्याआधीचं असू शकतं, पण तेवढ्यावरून नक्की सांगता येत नाही. आमच्या माजघराच्या तुळईवर कोरलेला शक सापडला, तोही धुराची पुटं खरवडल्यावर.

सुरुवात कशापासून करायची?

पाण्यापासून. फरशी, रंग, स्वयंपाकघराचा ओटा यांचा विचार दोन वर्षं बाजूला ठेवा.

जुलैत, भर पावसात, एक दिवस त्या घरात राहा. पर्यटक म्हणून नाही, वही आणि बॅटरी घेऊन. झड कोणत्या बाजूने येते, पागोळ्या जोत्यापासून किती लांब पडतात, अंगणातलं पाणी घराकडे येतं की घरापासून जातं, कोणत्या वाशाखाली थेंब पडतो, सगळं लिहून काढा. माळ्यावर चढून कौलांमधून दिसणारे उजेडाचे ठिपके मोजा. आम्ही एकवीस मोजले, त्यातले नऊ एकाच पाख्यावर होते.

त्या दिवशी एक गोष्ट उघडी पडली. वीस वर्षांपूर्वी अंगणात सिमेंटचा कोबा घातला होता. त्याआधी आणि नंतर भर टाकून टाकून अंगण इतकं वर आलं होतं की जोत्याचे दोन थर जमिनीखाली गेले होते, आणि उतार होता घराकडे. भिंती ओल्या का, म्हणून आम्ही इतकी वर्षं छपराकडे बघत होतो. पाणी येत होतं पायातून. कोबा फोडला, माती काढली, जोतं उघडं केलं. भोवती दीड फूट रुंद चर खणून त्यात दगडगोटे भरले आणि तो चर खालच्या माडांच्या आळ्यात सोडला. पुढच्या पावसाळ्यात माजघरातला कुबट वास निम्म्याने कमी झाला. भिंतीला तोवर हातही लावला नव्हता.

आमचे सुतार मेस्त्री सत्तरीचे. ते वासा ठोकून बघत म्हणायचे, "लाकूड आपसून मरणा नाय, तेका पाणी मारता." चिऱ्यालाही ते तंतोतंत लागू आहे.

म्हणून क्रम असा: छप्पर, पागोळ्या आणि पन्हळ, अंगणाचा उतार, जोतं, मग भिंती. आतलं काम सगळ्यात शेवटी.

भिंतीला लोणा लागलाय, गिलावा फुगून पडतोय. सिमेंटचा पक्का गिलावा करून घेऊ?

नको. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो आणि उत्तर ऐकून सगळ्यात जास्त लोक नाराज होतात.

जांभा सच्छिद्र असतो. पाणी पितो आणि उन्हात, वाऱ्यात ते परत सोडतो. समुद्रकाठी त्या पाण्यात क्षार असतात. पाणी पृष्ठभागावरून उडून गेलं की क्षार मागे राहून त्यांचे स्फटिक होतात. तोच लोणा. चुन्याचा गिलावा मऊ आणि पाझरणारा असतो, त्यामुळे पाणी त्यातून बाहेर येतं. दहा-पंधरा वर्षांनी गिलावा खराब होतो, तो काढून नवा करायचा. म्हणजे गिलावा मरतो, चिरा वाचतो. सिमेंटचा गिलावा कठीण. पाणी त्याच्या मागे अडकतं, स्फटिक चिऱ्याच्या अंगात वाढतात, आणि एके दिवशी गिलाव्याचा पापुद्रा पडतो तो चिऱ्याचा पोपडा सोबत घेऊनच.

आमच्या बाळंतिणीच्या खोलीत हेच झालं होतं. गिलाव्यावर बोटाने टिचकी मारली तर पोकळ आवाज यायचा. छिन्नीने कड उचलली तर हातभर लांबीचा तुकडा एकदम सुटला, आणि त्याच्या पाठीला लाल जांभ्याचा बोटभर जाड थर चिकटलेला. मागे भिंत अशी ओली की हात लावला की लाल व्हायचा. ते काम कोणी केलं होतं, हे आता सांगण्यात अर्थ नाही. त्या काळी सगळे तेच करत होते आणि आमच्या घरच्यांनी हौसेने करून घेतलं होतं.

उपाय सोपा पण चिकाटीचा आहे. सिमेंट हलक्या हाताने काढा, ड्रिलमशीनने नाही. भिंत एक पूर्ण हिवाळा उघडी ठेवा. लोणा ब्रशने कोरडाच झाडा. पाण्याने धुतलात तर क्षार परत आत जातात. झाडलेली पूड जोत्यापाशी टाकू नका, लांब नेऊन टाका. मग चुन्याचा गिलावा. आणि पाणी येण्याचं मूळ बंद केलं नसेल तर हे सगळं फुकट.

चुना आणायचा कुठून? तो कालवायला येणारे गवंडी आहेत का?

गवंडी कमी आहेत, पण साठीच्या पुढच्या गवंड्यांना विचारा. त्यांनी लहानपणी बापाच्या हाताखाली चुना मळलेला असतो. पूर्वी किनाऱ्यावर शिंपले भाजून चुना करत आणि बैलाच्या घाणीत मळत. आता कळीचा चुना किंवा तयार पोत्यातला बांधकामाचा चुना बाहेरून मागवावा लागतो. पानाच्या टपरीवरचा किंवा रंगाच्या दुकानातला फक्कीचा चुना त्या कामाचा नाही.

कळीचा चुना विरवताना चुना पाण्यात टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. तो उकळतो, उडतो. डोळ्यावर चष्मा हवा, हातात मोजे हवेत आणि जवळ साध्या पाण्याची बादली हवी, आणि मुलांना तिथून हाकला. विरवलेला चुना पाण्याखाली झाकून जितका जुना कराल तितका चांगला. आम्ही दोन महिने ठेवला. मग एक भाग चुन्याला अडीच-तीन भाग धुतलेली वाळू, आणि ओलीच्या जागी वाळूतली थोडी कमी करून सुरखी, म्हणजे विटेची पूड. गूळ, हिरडा, मेथी यांच्या गोष्टी ऐकायला छान वाटतात आणि त्यात तथ्यही आहे, पण प्रमाण चुकलं तर बुरशी येते. गोठ्याच्या भिंतीवर हातभर नमुना करा, महिनाभर बघा, मग ओटीवर जा.

वाळूबद्दल एकच: समुद्राची नको. खाडीची असेल तर गोड्या पाण्याने इतकी धुवा की जिभेवर खारट लागणार नाही. हो, मी चाखून बघितली.

चुना घाईने वाळवायचा नसतो. काम झाल्यावर ओली पोती लावून ठेवावी लागतात, आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत तो महिनोन्‌महिने घट्ट होत राहतो. म्हणून नोव्हेंबरला सुरू करून फेब्रुवारी-मार्चपर्यंत संपवा. एप्रिलच्या उन्हात केलेला गिलावा तडकतो, आणि मेच्या शेवटी केलेला पहिल्या सरीत धुऊन जातो.

बाहेरचे चिरे काळे पडलेत. घासून, पॉलिश मारून लाल करू का?

काळेपणा म्हणजे शेवाळ आणि बुरशी. मऊ ब्रश आणि साधं पाणी, डिसेंबरमध्ये. मी पहिल्या वर्षी गाडी धुवायचं प्रेशरचं यंत्र भाड्याने आणलं. चिरे सुंदर लाल झाले, आणि सांध्यांतला शंभर वर्षांचा चुना अंगणात वाहून आला. नंतर दोन माणसं आठ दिवस दर्जा, म्हणजे सांधे, भरत बसली होती. चकाकी आणणारी तेलकट पॉलिशं आणि ऑइलपेंट तर नकोच. त्याचं कारण वर लोणा लागण्याच्या उत्तरात आलंय.

भिंतीला भेग आहे. घाबरायचं का?

आधी ती जिवंत आहे की मेलेली ते बघा. भेगेवर आडवी पातळ काचेची पट्टी दोन्ही टोकांना गिलाव्याने चिकटवा आणि तारीख लिहा. एक पावसाळा जाऊ द्या. काच तडकली नाही तर भेग जुनी आणि निवलेली आहे, चुन्याने भरून टाका. तडकली तर इंजिनिअर बोलवा, तोही दगडी बांधकाम समजणारा. आमच्या दक्षिणेकडच्या भिंतीतली भेग आजी 'कोयनेची' म्हणायची, ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाची. खरंखोटं देव जाणे, काच मात्र शाबूत राहिली. जी नवी भेग आम्हाला छळत होती ती निघाली भिंतीत रुजलेल्या पिंपळाची. रोप ओढून काढू नका, चिरे सुटतात. बुंधा कापून मुळांवर मारक औषध लावा, ती सुकली की मग सांधा भरा.

वासे आणि खांब बदलावे लागतील का? लाकूड कुठलं?

सगळे नाही. वासा कुजतो तो बहुतेक टोकाला, जिथे तो भिंतीत रुतलेला असतो. तेवढं टोक कापून त्याच जातीचा तुकडा सांधता येतो. सराईत सुतार हे करतो, नवखा 'सगळं काढूया' म्हणतो. भिंतीत जाणाऱ्या टोकाभोवती बोटभर हवा खेळू द्या, सिमेंटने बुजवू नका.

आमच्याकडे खांब फणसाचे, वासे किनळाचे (रत्नागिरीकडे किंजळ म्हणतात), तुळया ऐनाच्या. नवं लाकूडही तेच शोधा. मात्र स्वतःच्या जागेतलं झाड असलं तरी साग, ऐन, किंजळ, खैर, आंबा अशी झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली येतात. तोडायला परवानगी लागते. जुन्या पाडलेल्या घरांचं लाकूड विकत मिळालं तर सोनं समजा; ते मुरलेलं असतं, वाकत नाही.

वाळवीला आणि भुंग्याला डिंबेल, म्हणजे काजूच्या टरफलाचं तेल. होड्यांना लावतात तेच. कातडीला लागलं तर भाजतं आणि आठवडाभर डाग जात नाही, त्यामुळे मोजे घाला.

छप्पर उतरवण्याआधी प्रत्येक लाकडाला नंबर द्या. आम्ही खडूने 'पू-१, पू-२' लिहिलं. अवकाळी सर आली आणि सकाळी अंगणात चौसष्ट निनावी वासे. दुसऱ्या पाख्याला पत्र्याच्या पट्ट्यांवर खिळ्याने अंक ठोकून त्या लाकडाला मारल्या. हे शहाणपण चार दिवसांच्या मजुरीला पडलं.

कौलंच ठेवायची की पत्रा? माकडांचं काय?

माकडांचं काय, याचं उत्तर कोकणात कोणाकडेच नाही. आंब्याच्या दिवसांत टोळी एकदा छपरावरून गेली की दहा-वीस कौलं जातात, आणि वर्षाला कौलं परतायला माणूस मिळत नाही. म्हणून लोक पत्रा घालतात, मी त्यांना नावं ठेवत नाही. पण पत्र्याखाली एप्रिलमध्ये झोपून बघा. आणि पावसात एकमेकांशी बोलून बघा.

आम्ही मधला मार्ग काढला: वाशांवर फळ्या, त्यावर पातळ रंगीत पत्रा, त्यावर उभ्या-आडव्या रिपा आणि वर जुनीच कौलं. कौल फुटलं तरी पाणी आत येत नाही, आणि पत्रा-कौलांमधून हवा खेळते. खर्च वाढतो, छपराचं वजनही थोडं वाढतं, त्यामुळे वाशांची तब्येत आधी बघा. काही ठिकाणी काचेची कौलं घाला, माजघर उजळतं. फुटक्यांसाठी दोनशे जुनी कौलं गोठ्यात रचून ठेवा. नव्या कौलाचं माप जुन्याशी जुळेलच असं नाही.

वादळात छप्पर टिकेल का?

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात धडकलं आणि दापोली-मंडणगडपर्यंत छपरं उघडी पडली. पुढच्या वर्षी मेमध्ये तौक्ते आमच्या किनाऱ्याला घासून गेलं. दोन्ही वेळी एकच दिसलं: वारा आधी वळचणीची ओळ उचलतो, मग बाकीची पानासारखी उडतात. वळचणीच्या दोन-तीन ओळी, आढ्यालगतच्या ओळी आणि कडेची कौलं स्टेनलेसच्या तारेने रिपांना बांधा. साधी लोखंडी तार खाऱ्या हवेत दोन वर्षांत गंजते. वासे भिंतीवरच्या पाटाला पट्टीने जखडा. घरावर झुकलेला माड असेल तर त्याचा निर्णय मेच्या आधी घ्या, भावनेला थोडं बाजूला ठेवून.

नवीन चिरा जुन्याशी जुळतो का?

रंगाने लगेच नाही. खाणीतून काढलेला चिरा मऊ असतो, हवा लागेल तसा घट्ट होतो, आणि दोन पावसाळ्यांनी काळपट पडून जुन्यात मिसळतो. मापाने जुळवावं लागतं. आताचा यंत्राने कापलेला चिरा साधारण १४ × ९ × ७ इंचांचा, म्हणजे अर्धा घनफूट. एका ब्रासला, म्हणजे शंभर घनफुटांना, सांधे न धरता दोनशेच्या आसपास लागतात. जुना चिरा मोठा आणि थोडा वाकडातिकडा. थराची उंची जुळली नाही तर भिंत ठिगळासारखी दिसते, म्हणून खाणीवर टेप घेऊन जा.

चिरा निवडताना हातोडीने ठोका. खणखणीत आवाज हवा, बद्द नको. पिवळट-पांढऱ्या मातीचे मोठे डाग असलेला बाजूला काढा. भंगारवाल्याचा काटा आणून सोप्पी परीक्षाही घेता येते. कोरडा चिरा तोला, एक दिवस पाण्यात बुडवून परत तोला. भारतीय मानकाप्रमाणे जांभ्याने वजनाच्या १२ टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ नये. म्हणजे ३० किलोचा चिरा साडेतेहेतीसच्या वर गेला तर तो जोत्याला वापरू नका. गाडीसोबत रॉयल्टीची पावती मागा, नाहीतर रस्त्यात अडवल्यावर तुम्हालाच फोन येतो.

घर वाढवायचं तर कुठल्या बाजूला? वर मजला चढवता येईल का?

मजला नको. मातीत किंवा चुन्यात रचलेल्या भिंतीवर काँक्रीटचा स्लॅब म्हणजे म्हाताऱ्याच्या खांद्यावर पोत्यांची रास. पाया किती खोल आहे, हे खणून बघितल्याशिवाय तर विषयच नाही. माळ्याला फळ्या घालून निजायची जागा करता येते, तेवढं पुरे.

वाढवायचं ते मागच्या बाजूला. समोरून घर आहे तसं राहतं, पडवी, ओटी, तुळस जागच्या जागी. आम्ही मागच्या पडवीचं दार वापरून तीन फुटांचा बोळ काढला आणि त्याला नव्या दोन खोल्या जोडल्या. जुनं आणि नवं एकमेकांवर टेकलेलं नाही. नव्याचा पाया वेगळा, भिंत वेगळी, मध्ये दोन बोटं फट आणि वर झाकणपट्टी. नवं बांधकाम बसतं, म्हणजे थोडं खचतं. जुनं बसून शंभर वर्षं झालीत. दोन्ही घट्ट बांधलीत तर नवं जुन्याला घेऊन खाली जातं आणि सांध्यावर भेग पडते.

नव्या भागाचं आढं जुन्याहून खाली ठेवा. आणि दोन पाख्यांचं पाणी जिथे एकत्र येतं ती पन्हळ तुम्हाला वाटते त्याच्या दुप्पट रुंद करा. आमची पहिली नऊ इंचांची होती. जुलैतल्या एका रात्री ती भरून वाहिली आणि नव्या खोलीतला कापूस पिंजल्यासारखा फुगलेला गादीचा संच अजून माळ्यावर पडून आहे. आता दीड फुटाची आहे.

नव्या भागात आरसीसी वापरायचं असेल तर सळईवर काँक्रीटचं आवरण जास्त ठेवायला सांगा. खाऱ्या हवेत सळई गंजून फुगते आणि काँक्रीट फोडते.

संडास-बाथरूम जुन्या घरात बसवू की बाहेर?

नव्या भागात. जुन्या चिऱ्यात नळ गाडू नका. गळती कळेपर्यंत भिंत पिऊन टाकते. सेप्टिक टँक आणि शोषखड्डा विहिरीपासून निदान पन्नास फूट लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला. कातळावर घर असेल तर शोषखड्डा शोषत नाही, आणि कातळाच्या फटींतून घाण कुठे निघेल सांगता येत नाही. तिथे टाकीतलं पाणी केळी-कर्दळीच्या वाफ्यात सोडण्याची सोय इंजिनिअरकडून करून घ्या.

परवानग्या कुठल्या लागतात?

ग्रामपंचायतीपासून सुरू करा. घरपट्टीचा उतारा, सातबारा, आणि जुन्या घराची मोजमापं व फोटो. कौलं बदलणं, गिलावा अशा किरकोळ दुरुस्तीला फारसा त्रास होत नाही. जोतं वाढवलंत की रीतसर बांधकाम परवानगी लागते.

समुद्र किंवा खाडी जवळ असेल तर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचा केंद्राचा नियम, बघावाच लागतो. २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण भागात भरतीरेषेपासून २०० मीटरचा पट्टा विकासबंदीचा. दाट वस्तीच्या गावांत, म्हणजे २०११ च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला २,१६१ हून अधिक लोक असतील तिथे, तो ५० मीटरवर येतो. खाडीकाठी ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं जे कमी असेल ते. त्या पट्ट्यात अधिकृत जुन्या घराची दुरुस्ती, अगदी पुनर्बांधणीही करता येते, पण आहे त्या जोत्याच्या क्षेत्राबाहेर आणि आहे त्या चटईक्षेत्राहून जास्त नाही. थोडक्यात, सांभाळता येतं, वाढवता येत नाही. म्हणून आधी तुमच्या गावाचा मंजूर किनारा आराखडा बघा, मग आर्किटेक्टला आगाऊ द्या. उलट क्रमाने केलेले लोक मी पाहिलेत.

विजयदुर्ग किंवा मालवणात केंद्राच्या संरक्षित किल्ल्याजवळ घर असेल तर आणखी एक पायरी. प्राचीन स्मारकांच्या कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीनंतर संरक्षित हद्दीपासून १०० मीटरमध्ये नवं बांधकाम बंद, आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित. दुरुस्तीलाही राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची परवानगी लागते.

घर सामाईक आहे. भाऊबंद खर्चाला नाहीत, पण सहीलाही नाहीत. काय करावं?

चुना, चिरे, लाकूड यांचं सांगता येतं. हे कठीण.

आमच्या सातबारावर एकोणीस नावं होती, त्यातली सहा हयात नव्हती. आधी वारस नोंदी करून घेतल्या. आत्या आणि बहिणींची नावं विसरू नका. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे, आणि 'ती काय मागायला येणार' असं म्हणून वगळलेली सही दहा वर्षांनी कोर्टात भेटते. कोणी हिस्सा सोडत असेल तर हक्कसोडपत्र नोंदणीकृतच हवं; साध्या कागदावरचं चालत नाही.

आमचं जमलं ते गणपतीमुळे. सगळे आले होते. पावसात माजघर गळत होतं आणि माटवीखाली (गणपतीच्या वर टांगतात ती सजवलेली लाकडी चौकट), गणपतीच्या दोन्ही बाजूंना, पातेली ठेवली होती. आरती चालू असताना एक थेंब थेट निरांजनात पडून ज्योत विझली. थोरले काका काही बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांनी वही मागवली आणि स्वतः कोऱ्या पानावर पहिलं नाव लिहिलं. खर्च कोणी किती दिला आणि घरात कोणाचा हक्क किती, हे दोन वेगळे कागद केले. पैसे दिले म्हणून हिस्सा वाढत नाही, हे पहिल्या ओळीत लिहिलं. तंट्याचं मूळ तिथेच असतं.

वायरिंग, एसी, सोलर?

वायर भिंतीत गाडू नका, बाहेरून पाइपातून न्या. लाकडी पट्टीआड लपते. जुनी वायर माळ्यावर उंदरांनी कुरतडलेली असते, ती आधी काढा. एसी जुन्या भागात लागतच नाही. सोलर नव्या भागाच्या छपरावर.

होमस्टे करायचं मनात आहे.

करा, पर्यटन खात्याकडे निवास-न्याहारीची नोंदणी करून. पण पाहुण्यांसाठी ओटी काचेने बंद करू नका. ते काचेसाठी नाही, वाऱ्यासाठी आलेले असतात.

असं काम कुठे बघायला मिळेल?

रत्नागिरीत टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मस्थान, मालगुंडला केशवसुतांचं घर, पालगडला साने गुरुजींचं. मोठं बांधकाम बघायचं तर १९१० चा थिबा राजवाडा. गाइडकडे कमी आणि जोत्याकडे, वळचणीकडे जास्त बघा.

आम्ही वर्षातून पंधरा दिवस येतो. बाकी वेळ घर बंद असतं. चालेल?

बंद घर राहत्या घराच्या दुप्पट वेगाने खराब होतं. पूर्वी चुलीचा धूर रोज वाशांतून फिरायचा, लाकूड कोरडं राहायचं आणि किडीला तो सहन व्हायचा नाही. म्हणूनच स्वयंपाकघरावरचे वासे काळेकुट्ट, पण सर्वांत टणक सापडतात.

किल्ली जवळच्या कोणाकडे द्या आणि मोबदला ठरवून द्या. फुकटची किल्ली खुंटीवर राहते. आमच्याकडे शेजारच्या वैनी आठवड्यातून एकदा येतात. दारं-खिडक्या उघडतात, मागच्या चुलीत नारळाच्या सोडणांचा जाळ करतात, पन्हळीतली पानं काढतात, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर माळ्यावर जाऊन मला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतात. यंदा फोटो आला तो एकाच ठिपक्याचा, पश्चिमेच्या पाख्यावर, आढ्यापासून तिसरी ओळ. खाली त्यांनी लिहिलं होतं, "कौल बदललंय. टोपात भात शिजतोय तुमच्या चुलीवर."